काळ्या मधाचा हिवाळा

२४ ऑगस्ट

शिलाइला पोचलो. अलीतुसहून बस तासभर पाइनच्या जंगलातून चालली होती आणि मी सगळा वेळ खिडकीशी बसून शीळ घालत होतो. शेजारच्या बाईनं दोनदा वळून पाहिलं. पाहू दे. माणूस इतक्या वर्षांनी खुशीत असला की असाच वागतो.

फाट्यावर क्लेमेन्सास स्वतः न्यायला आला होता. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, एका काखेत कुबडी. गेल्या वर्षी खुबा मोडल्यापासून पेट्या उचलवत नाहीत, म्हणून त्यानं पेपरात जाहिरात दिली होती: मधमाश्यांच्या कामाला हिवाळा संपेपर्यंत माणूस हवा, राहणं-जेवण घरचं. मी गिन्तास, कौनासला लिफ्ट दुरुस्त करतो, लहानपणी माश्यांत वावरलोय, एवढंच मी कळवलं होतं. तो माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "कान मोठे आहेत तुझे. बरंय, आमच्या धंद्याला कानच लागतात."

घरात तो आणि त्याची विधवा बहीण मार्त्सेले. तिनं बिटाचं गार सूप आणि वाफाळते बटाटे पुढे ठेवले. मी पुरे म्हणालो तर म्हणाली, "लिफ्टच्या वंगणावर जगतोस का रे? खा. या घरातून कोणी अर्धपोटी उठत नाही."

माझी खोली वरच्या मजल्यावर आहे. खिडकीतून लिंडनच्या झाडाखालच्या पेट्या दिसतात, पिवळ्या आणि निळ्या, दोन ओळींत बावीस. संध्याकाळी माश्या दारात उभ्या राहून पंखांनी वारा घालतात आणि मेणाचा वास माझ्या उशीपर्यंत येतो. झोप छान लागेल.

२७ ऑगस्ट

खरं कारण आज लिहून ठेवतो, म्हणजे पुढे हात कचरायला नको.

माझे वडील बालीस याच गावचे. त्या टोकाला आमचं घर होतं, आता तिथं नुसतं धुराडं उभं आहे. वडील आणि क्लेमेन्सास मधसोयरे होते. एकाच्या माश्यांचा थवा उडून दुसऱ्याच्या झाडावर बसला की आमच्याकडे ती दोन घरं सोयरी होतात. त्या माश्या दोघांच्या, मध्ये पैशाचं नाव काढायचं नाही, आणि नातं भावापेक्षा जवळचं. मी सात वर्षांचा होतो. एका हिवाळ्यात वडलांच्या चौदाच्या चौदा पेट्या मेल्या. क्लेमेन्सासची एकही नाही. वडील म्हणाले, त्यानं मला माश्यांची सडकी जात दिली. मग त्यांनी अन्न टाकलं, घराबाहेर पडणं टाकलं, आणि मार्च उजाडायच्या आत गेले. आईनं मला कौनासला नेलं, दुसरं लग्न केलं. माझं आडनाव सावत्र बापाचं आहे, म्हणून म्हाताऱ्याला पत्ता लागलेला नाही. गेल्या वर्षी आई गेली, तेव्हाही तिच्या तोंडी तेच होतं. क्लेमेन्सासनं मारलं त्याला.

मी म्हाताऱ्याच्या जिवावर उठलेलो नाही. त्यानं जगावं. फक्त त्याच्या पेट्या मराव्यात, एकूण एक, आणि त्यानं त्या स्वतःच्या हातानं उघडाव्यात.

९ सप्टेंबर

काम त्यानंच सोपं करून दिलं. माश्यांचा हिवाळा सप्टेंबरातच ठरतो, असं तो रोज सांगतो. यंदा स्प्रूसच्या झाडांवर मावा फार पडला. मावा गोड चिकटा गाळतो, माश्या तो गोळा करतात, आणि पोळ्यात काळा मध साठतो. माणसाला तो औषधासारखा. पण माशीला हिवाळ्यात तोच मध मारतो. निम्मा पोळ्यात दगडासारखा थिजतो, चाटता येत नाही. निम्मा पोटात गेला की पोट घाणीनं भरतं, आणि थंडीत बाहेर जाता येत नाही. माशी घरात घाण करत नाही, महिनोन्‌महिने दम धरते. या मधानं तिचा दम सुटतो. म्हणून काळा मध भरलेल्या पोळ्यांच्या लाकडी चौकटी काढून शेडात ठेवायच्या आणि माश्यांना साखरेचा पाक पाजायचा.

आठवडाभर मी त्याच्या डोळ्यांदेखत चौकटी काढल्या. तो झाडाखाली स्टुलावर बसून प्रत्येक पेटीची चौकशी करत होता, सुईण करते तशी. आज रविवार. दोघं चर्चला गेली आणि मी साऱ्या काळ्या चौकटी परत पेट्यांत घातल्या, बरोबर मधोमध, माश्या जिथे गोळा होऊन बसतात त्याच्या डोक्यावर. पाक ओढ्यात ओतला. शेडाला तीन पायऱ्या आहेत, म्हातारा तिकडे फिरकत नाही.

तोंडावर जाळी नव्हती, हातात मोजे नव्हते, तरी एकही माशी चावली नाही. हातावर चढल्या, मनगट हुंगलं आणि बाजूला झाल्या. का कोण जाणे, त्याचाच राग आला.

२ नोव्हेंबर

पितरांचा दिवस. सारं गाव मेणबत्त्या घेऊन कबरींवर. क्लेमेन्सासनं मला हाताला धरून नेलं आणि माझ्या बापाच्या कबरीपुढे उभं केलं. कबर लखलखीत. कडेनं पाइनच्या ताज्या फांद्या, क्रूस नवा रंगवलेला. तो म्हणाला, हा माझा मधसोयरा, एकोणतीस वर्षं झाली. मग त्यानं कुबडी टाकली आणि मोडक्या खुब्यानं ओल्या मातीत गुडघे टेकले.

माझं डोकं फिरलं. मारायचं आणि वर मेणबत्ती लावायची. तरी मी त्याला हात देऊन उठवलं. परत येताना मार्त्सेलेनं विचारलं, दात का खातोयस? थंडी वाजतेय, म्हणालो.

२१ नोव्हेंबर

पहिलं बर्फ. आता पेट्या उघडायच्या नाहीत, नुसत्या ऐकायच्या. क्लेमेन्सासनं आज शिकवलं. रबरी नळीचं एक टोक पेटीच्या फटीत, एक कानात, आणि बोटाच्या पेरानं लाकडावर तीन वेळा टकटक. पेटी सुखात असेल तर एकदाच 'हूं' करते आणि गप्प होते. उपाशी किंवा आजारी असेल तर सुरू झालेला आवाज थांबत नाही, पाचोळ्यात कोणी चालत राहावं तसा.

तीनच का, मी विचारलं. तो म्हणाला, घरातलं कोणी गेलं तरी तीनच. मालक मेला की वारसानं प्रत्येक पेटीवर टकटक करून सांगायचं: माश्यांनो, तुमचा मालक गेला. आता तुमचा मालक मी. घर सोडू नका. सांगितलं नाही तर माश्या मालकामागे जातात.

तुझ्या पेट्यांना कोण सांगणार, असं मी जरा खोचकपणेच विचारलं. तो हसला. "आहे की एक मोठ्या कानांचा."

२४ डिसेंबर

नाताळच्या आदल्या दिवशीचं जेवण. बारा पदार्थ, मांस नाही. गेलेल्यांसाठी एक रिकामी ताटली मांडतात. क्लेमेन्सासनं ती नेमकी माझ्या शेजारी ठेवली, म्हणाला, बालीसची. मी खसखशीच्या दुधातली पिठाची गोड बोरं तोंडात टाकली आणि दाताखाली खर्रकन वाजलं. वाळू आहे यात, म्हणालो. मार्त्सेले म्हणाली, "साखर विरघळवून हात दुखले माझे, आणि म्हणे वाळू. शहरी दात तुझे."

जेवणाआधी, उजेड होता तोवर, म्हातारा सणाची पातळ पापडी घेऊन पेट्यांना शुभेच्छा द्यायला गेला. पहिल्या चार पेट्यांनी 'हूं' केलं. पाचवी थांबेना. त्यानं नळी मला दिली. पाचोळ्यातली ती चाल मी किती तरी वेळ ऐकत राहिलो. सणाची खरी मेजवानी मला तिथे मिळाली.

११ जानेवारी

नऊ पेट्या गेल्या. पुढच्या फळ्यांवर तपकिरी ओघळ आहेत, बर्फावर तपकिरी शिंतोडे. गावातले चार माश्यावाले धावत आले आणि प्रत्येकानं वेगळंच निदान केलं. एक म्हणाला तांबडी गोचीड, दुसरा म्हणाला ओल धरली, तिसरा म्हणाला राण्या म्हाताऱ्या झाल्या. शेजारचा पेत्रोनियुस सुतारपक्ष्यावर घसरला, त्यानं ठोकून ठोकून माश्यांची झोप मोडली म्हणे. मी प्रत्येकाच्या म्हणण्याला मान डोलावली. क्लेमेन्सास पेटीच्या झाकणावर डोकं टेकून रडला, शेजाऱ्यांसमोर, मोठ्यानं. माझ्या जिवाला थंडावा मिळाला, खोटं कशाला लिहू.

मेलेल्या माश्या आमच्याकडे टाकत नाहीत, जाळत नाहीत. माणसासारख्या पुरतात. जमीन गोठलेली, म्हणून बर्फ वितळेपर्यंत त्या पेटाऱ्यात जपून ठेव, असं त्यानं बजावलं. आज ती दोघं दवाखान्यात गेली तेव्हा मी तो पेटारा माझ्या खोलीच्या शेगडीत रिकामा केला. तडतडल्या. गोड वास सुटला.

१४ जानेवारी

माझ्या खिडकीच्या काचेवर तपकिरी ओघळ आले आहेत. पुसायला बाहेरून शिडी लावली.

ओघळ आतून आहेत.

२३ जानेवारी

सतरा. मला भूक आहे आणि जेवता येत नाही. घास तोंडात घेतला की खडीसाखरेसारखा घट्ट होतो. सूपसुद्धा. दात दुखतात, गिळलं तर पोट तट्ट फुगतं. मार्त्सेले दर वेळी वाढून समोर बसते आणि बघत राहते. शेगडीमागच्या भिंतीत बारीक आवाज येतो. उंदीर असावेत.

२ फेब्रुवारी

बावीस.

आधीच्या पेट्या मीच झाडून काढल्या, त्यानं आत पाहिलं नव्हतं; आज शेवटची पेटी त्यानं स्वतः उघडली. ज्या क्षणासाठी आलो तो हाच, म्हणून मी अगदी जवळ उभा होतो. माश्या पोळ्यात डोकी खुपसून मेलेल्या, आणि वरती बोटभर अंतरावर चौकटी काळ्या मधानं भरलेल्या. त्यानं सुरीच्या टोकानं तो खरवडला, जिभेवर ठेवला, चावला. कर्रकन आवाज आला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "तुझ्या बापानंही हेच केलं होतं, गिन्तास."

तो बोलत राहिला, बर्फात उभा राहून, अगदी शांतपणे. पहिल्याच दिवशी फाट्यावर त्यानं मला कानांवरून ओळखलं होतं. "मला वाटलं सोयऱ्याचं पोर आपलं आपण सांगेल, म्हणून गप्प राहिलो," म्हणाला. त्या साली माझ्या बापानं पांढरा मध सगळा काढून विकला आणि काळा माश्यांना ठेवला. क्लेमेन्सासनं हात जोडून सांगितलं होतं, नको करू. पेट्या मेल्यावर बापाला तोंड दाखवायची लाज वाटली, म्हणून त्यानं आईला दुसरीच गोष्ट सांगितली. क्लेमेन्सास आपल्यातल्या निम्म्या पेट्या घेऊन दारात गेला होता. दार उघडलं नाही.

त्याआधीच्या उन्हाळ्यात बापाचा एक थवा उडून या लिंडनवर बसला होता. बापाच्या माश्यांतला तेवढाच जगला. नंतर क्लेमेन्सासनं आपल्या माश्या वाटून टाकल्या आणि तो एकच वंश वाढवला. एकाच्या बावीस केल्या. सोयऱ्याचा मुलगा येईल तेव्हा त्याला द्यायला.

"तुझ्याच होत्या रे त्या सगळ्या," म्हणाला. "म्हणून तर तुला चावल्या नाहीत."

पुरायला ठेवलेल्या माश्या कुठे आहेत, असं त्यानं मग विचारलं. मी सांगितलं. तेवढ्यावर त्यानं पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं, आणि मागे सरला.

५ फेब्रुवारी

क्लेमेन्सास गेला. दुपारी, खुर्चीत, लिंडनकडे तोंड करून. मी त्याचे पाय धरायला गेलो होतो. उशीर झाला होता.

८ फेब्रुवारी

काल पुरलं त्याला, माझ्या बापाशेजारी. घर, तळघर, पेट्या, सारं त्यानं माझ्या नावावर केलं होतं, गेल्या सप्टेंबरातच. तेच दिवस. मी पाक ओढ्यात ओतत होतो तेव्हा.

मार्त्सेले आज मुलीकडे अलीतुसला गेली. जाण्याआधी तिनं मला तळघर दाखवलं. बटाटे, लोणी, मुरवलेली कोबी, धुरी दिलेलं मांस, मधाच्या बरण्या छतापर्यंत. किल्ली माझ्या तळहातावर ठेवून माझी मूठ मिटली. तिला सारं ठाऊक होतं.

"भरलेलं घर आहे, पोरा," ती म्हणाली. "खा."

तिची मी माफी मागितली. तिनं रुमाल बांधला आणि बस धरायला निघून गेली.

९ फेब्रुवारी

वारस मीच. रीत पाळायला पेट्यांपाशी गेलो. मेलेल्या पेट्यांना सांगून उपयोग काय, हे कळत होतं, पण एवढं तरी त्याचं ऋण फेडावं असं वाटलं. सकाळचे दहा, ऊन पडलेलं. पहिल्या पेटीवर तीन वेळा टकटक केली. म्हणालो, माश्यांनो, तुमचा मालक गेला. आता तुमचा मालक मी.

आतून आवाज आला. रिकाम्या पेटीतून. मीच झाडून काढली होती ती.

दुसरी. तिसरी. बावीसही पेट्या. एकही थांबली नाही. मी धावत घरात आलो, दार लावलं, तरी पाचोळ्यातली ती चाल —

माझ्या मागोमाग आत आली.

१२ फेब्रुवारी

पेत्रोनियुसकडे जायचं ठरवलं. दोनशे पावलं. लिंडनपर्यंत गेलो आणि अंग आखडलं. आधी बोटं, मग गुडघे, मग मान. थंडी खूप नाही, पोरं शर्टावर बर्फ खेळत होती. मी त्यांना हाक मारली, ती निघाली नाही. सरपटत उंबऱ्याशी आलो. आत आल्यावर हात-पाय सुटले.

बाहेर जाता येत नाही मला.

१५ फेब्रुवारी

सगळ्या भिंतींत आहेत. ऊब येते. लाकडाला हात लावला तर थरथरतं.

तळघरातून ब्रेड आणला. दगड. लोणी, दगड. मधाची बरणी उघडली, पांढरा मध, मऊ, मी बघितला मऊ — चमच्याला लागेपर्यंत काळा. चाटतोय. जीभ सोलली. पोट भरतंय, फुगतंय, भूक तशीच.

दम धरलाय. घरात घाण करायची नाही.

१७ फेब्रुवारी

भिंतीवर ओघळ. माझे.

माफ करा. ऐकताय ना — मला ठाऊक नव्हतं तुम्ही आमच्या — मला कोणी सांगितलं नाही —

बावीसही थांबत नाहीत.

१९

वडील असेच गेले. आता आठवतं. दार लावलेलं, आई ताट घेऊन बाहेर, आणि आतून — मला वाटायचं ते गुणगुणतात —

आई म्हणायची कान लावू नकोस —

२१

कोपऱ्यात बसलो की बरं. गुडघे छातीशी. सगळ्यांनी मधोमध गोळा होऊन बसायचं. ऊब राहते. डोक्यावर भरलेल्या चौकटी आहेत. बोटभर वर. पोचत नाही —

मला पुरा. जाळू नका. कोणी वाचलं तर —

दुपार

लख्ख ऊन. बर्फावर पावलं. दोघांची. एकाबरोबर कुबडी.

टक. टक. टक.

माझ्या भिंतीवर, बाहेरून. मग फटीत काहीतरी सरकलं. नळी. ऐकताहेत.

गप्प राहायचं ठरवलं होतं. एकदाच 'हूं' करून थांबायचं. घशातून आलं आणि थांबत नाही, थांबत नाही —

क्लेमेन्सास म्हणाला, ही पण काळ्या मधानं चालली रे.

दुसरा म्हणाला, मग सांगून टाकू. आवाज ओळखीचा. एकोणतीस वर्षांनी. बाबा —

पुन्हा टक. टक. टक.

माश्यांनो, तुमचा मालक गेला. आता तुमचा मालक